लिहिलं ते माझं, न लिहिलं ते तुमचं

बयाणा दिला त्या दिवसापासून तो स्वतःला मनातल्या मनात ‘खरेदीदार’ म्हणायला लागला. त्याआधी तो कुणीच नव्हता. म्हणजे मुलगा होता, नवरा होता, पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात कारकून होता. पण यातलं एकही पद असं नव्हतं की ज्याच्यापुढे कुणी सावरून बसावं. तक्रार विभागात तर सगळा उलटा कारभार. दिवसभर लोक फोनवर ओरडायचे आणि तो म्हणायचा, “आपल्या भावना मी समजू शकतो.” खरं तर त्याला त्या अजिबात समजायच्या नाहीत. पंखा करकरतो म्हणून एखादा माणूस इतका कसा पेटू शकतो, हे त्याला कोडंच होतं. पण आता तो खरेदीदार होता. आता दोष काढायची पाळी त्याची आणि मान खाली घालून ऐकायची पाळी दुसऱ्याची. नुसत्या कल्पनेनेच त्याची छाती शर्टाच्या बटणांवर ताण देऊ लागली.

घर घ्यायचं कारण मात्र चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि चारचौघांना ते माहीत होतं. भाड्याच्या दीड खोलीत तो, बायको आणि आई राहत. मधे एक लोखंडी कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या अलीकडे नवरा-बायको, पलीकडे आई. लग्न झाल्यापासून नवरा-बायकोचं एकही भांडण दोघांत म्हणून झालेलं नव्हतं. बायको अगदी कुजबुजत म्हणायची, “तू माझं कधी ऐकूनच घेत नाहीस,” की कपाटापलीकडून आवाज यायचा, “तिचं बरोबर आहे रे.” त्याने काही बोलायचा प्रयत्न केला की, “आता त्याचंही ऐक ना गं जरा.” प्रत्येक भांडणात तीन मतं पडत आणि निकाल बहुमताने लागे. आईचा हेतू वाईट नव्हता. वाईट हेतूच्या माणसाला निदान गप्प बस म्हणता येतं.

बायकोची मागणी एकच होती. “खोली कितीही लहान चालेल. खिडकी नसली तरी चालेल. पण तिला दार पाहिजे.”

दार असलेली खोली मिळाली ती मेट्रनबाईंच्या घरात. मेट्रनबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. आता बहिणीजवळ राहायला जायचं म्हणून घर विकत होत्या. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर गच्ची, दोन खोल्या, स्वयंपाकघर. मागच्या खोलीला दार. बाईंनी घर दाखवलं ते वॉर्डात राउंड घ्यावा तसं.

“ही इथे बसते,” पुढच्या खोलीतली भिंत थोपटत त्या म्हणाल्या.

“कोण?”

“ओल. पावसात चढते, उन्हाळ्यात उतरते. मी एकटी, मला तिचा त्रास नाही, म्हणून इलाज केला नाही. आणि ही स्वयंपाकघरातली भेग. वरवरची आहे की खोल, ते मला माहीत नाही. हा नळ टिपकतो. मी काही लपवणारी बाई नाही. तुम्ही तपासनीस आणा. तो जे लिहील ते सगळं मी दुरुस्त करून देईन. तो जे लिहिणार नाही ते तुमचं. लिहिलं ते माझं, न लिहिलं ते तुमचं. पटलं तर बघा.”

खरेदीदाराला पटलं. न पटून सांगतो कुणाला? बयाण्यानंतर खिशात जे उरलं होतं त्यात भिंत तर सोडाच, नळाचा वॉशरसुद्धा जरा विचार करूनच घ्यावा लागला असता. म्हणजे सगळी भिस्त त्या तपासनिसाच्या लेखणीवर. त्याने ओल लिहिली तर घर, नाही लिहिली तर पुन्हा कपाट. इतकं ते सरळ होतं.

सरळ गोष्ट वाकडी करायला जगात तज्ज्ञ असतात. भाड्याच्या घराच्या खालच्या मजल्यावरचे काका त्यांपैकी. काकांनी एकदा घर घेतलं होतं आणि तेव्हापासून ते घरांच्या विरोधात होते.

“तपासनीस म्हणजे काय, हे तुला मी सांगतो,” काकांनी जिन्यातच त्याला धरलं. “तुला वाटेल तो घर पास करेल किंवा नापास करेल. तसं काही नसतं. घ्या म्हणत नाही, नका घेऊ म्हणत नाही. भिंत फोडत नाही, फरशी उचलत नाही. डोळ्यांना दिसेल ते लिहितो आणि निघून जातो. म्हणून त्याच्या मागे सावलीसारखं फिरायचं. प्रत्येक दोषावर बोट ठेवायचं. लाजायचं नाही.”

“नाही लाजणार.”

“आणि त्याला चहा द्यायचा नाही. चहा प्यायलेला तपासनीस मऊ पडतो.”

“घरी आलेल्या माणसाला चहा नाही?” वरून आईचा आवाज आला. आई जिन्यातलं बोलणंही ऐकायची. कपाटाने कानांना सवय लावली होती.

“वहिनी, ते घर तुमचं नाही अजून.”

“माझं नाही म्हणून काय झालं? मी त्या घरात उभी असणार ना?”

या वाक्यातच पुढचा सगळा अनर्थ होता. पण खरेदीदार त्या वेळी आपलं भाषण पाठ करण्यात गुंतला होता. ‘बाई, ही ओल बघा. याला तुम्ही ओल म्हणता? मी याला फसवणूक म्हणतो.’ बाईंनी कुणालाही फसवलेलं नव्हतं, ही अडचण होती. पण भाषण चांगलं होतं आणि त्याला ते टाकवेना.

तपासणीच्या आधी मेट्रनबाई बहिणीकडे जाऊन येणार होत्या. किल्ली त्यांनी आईकडे दिली, कारण आईला पडद्यांची मापं घ्यायची होती. सासरे म्हणाले, “विहीणबाई, मीही येतो. टेप धरायला दुसरा माणूस लागतो.” सासरे जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत होते आणि निवृत्तीनंतर मापं, रंग आणि मोकळी भिंत या तीन गोष्टींसाठी कुठेही जायला तयार असत. दोघं सकाळी गेले ते संध्याकाळी आले. आईच्या साडीचे काठ ओले होते आणि सासऱ्यांच्या नखांत फिकट पिवळा रंग होता. एवढी मापं घ्यायला इतका वेळ का लागला, असं बायकोने विचारलं. “खिडक्या उंच आहेत,” आई म्हणाली. खरेदीदार आरशासमोर ‘फसवणूक’ हा शब्द कुठे तोडावा याचा विचार करत होता.

तपासणीच्या दिवशी तपासनीस ठरल्या वेळी आला. आजवर कुठलाच कारागीर वेळेवर आल्याचं कुणी पाहिलेलं नसल्यामुळे सगळे आधीच बावचळले. किडकिडीत माणूस, खांद्याला पिशवी, हातात घडीची शिडी. चेहऱ्यावर काहीच नाही. म्हणजे चेहरा होता, पण त्यावर काही घडत नव्हतं. त्याच्या मागोमाग मेट्रनबाई आल्या, थेट बहिणीकडून, हातात बॅग. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि तशाच मागे फिरून त्यांनी दारावरचा स्वतःचाच क्रमांक वाचला.

घर झळकत होतं. फरशीत माणसाचा चेहरा दिसत होता, आणि तो माणूस आश्चर्यचकित दिसत होता.

खरेदीदाराने इकडेतिकडे पाहिलं नाही. तो सरळ त्या भिंतीकडे गेला, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि हात मागे नेऊन, शिक्षक फळ्याकडे दाखवतात तसं, म्हणाला, “ही बघा. आधी हे लिहा.”

तपासनिसाने बघितलं. “काय?”

“ओल!”

“कुठे?”

खरेदीदार वळला. भिंत फिकट पिवळी, सलग, एखाद्या नव्या पाकिटासारखी. ओल नव्हती. ओलीची आठवणसुद्धा नव्हती. खरेदीदाराने भिंतीवरून हात फिरवला, मग वाकून खाली बघितलं, जणू ती घसरून खाली पडली असावी.

आणि मग त्याला राग आला. खराखुरा. पंखा करकरतो म्हणून माणूस का पेटतो, ते त्याला एका क्षणात कळलं.

“बाई!” तो ओरडला. “ही शुद्ध फस-वणूक आहे! परवा इथे ओल होती. तुम्ही स्वतः थोपटून दाखवलीत. आणि आज तपासनीस येणार म्हणून रंग मारलात? वर आम्हाला ऐकवता, मी लपवणारी बाई नाही! एकटी बाई आहे, सेवा केलेली आहे, म्हणून आम्ही विश्वास ठेवला! अहो, इस्पितळात तुम्ही आजारी माणसंसुद्धा अशीच पांघरूण घालून बरी करत होतात का?”

शेवटचं वाक्य भाषणात नव्हतं. ते आपोआप आलं आणि त्याला फार आवडलं. बायको त्याच्याकडे नव्यानेच बघत होती. आई खिडकीच्या गजांकडे बघत होती. सासरे बोटांची नखं तपासत होते.

मेट्रनबाईंनी बॅग खाली ठेवली. “ए मुला,” त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि ज्यांनी ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं असेल त्यांना ठाऊक असेल की हळू म्हणजे वाईट. “मी परवापासून बहिणीकडे होते. किल्ली कुणाकडे होती?”

तेवढ्यात तपासनिसाने टॉर्च तिरपी धरून भिंत न्याहाळली आणि आपला पहिला अभिप्राय दिला. “रंग ताजा आहे. कुणीतरी हौशी माणसाने मारलाय.”

“हौशी?” सासरे म्हणाले.

“ब्रशचे फराटे दिसतायत.”

“हौशी कुणाला म्हणता हो? ते फराटे नाहीत, तो पोत आहे! जुन्या रंगाशी मिळता यावा म्हणून चार छटा मिसळल्यात मी! पिवळ्यात कणभर तपकिरी, कणभर पांढरा... अहो, शाळेचं अख्खं स्नेहसंमेलनाचं नेपथ्य या हातांनी रंगवलंय! हौशी म्हणे!”

एवढं बोलून झाल्यावर सासऱ्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण बाण सुटला होता, आणि तोही चार छटांचा.

“बाबा?” बायको म्हणाली.

“अगं, मी एकटा नाही. तुझ्या सासूबाईच म्हणाल्या.”

“मग काय करायचं होतं?” आई एकदम उसळली. “परका माणूस येणार, घरभर टॉर्च मारणार, कानाकोपऱ्यात डोकावणार, आणि काय बघणार? पोपडे? जाळी? उद्या तो चार घरी जाऊन सांगणार की अमक्यांनी असं घर घेतलं! मी सगळं धुऊन काढलं. भिंतीसुद्धा. हात पोचला तिथपर्यंत मी आणि पुढे यांनी, स्टुलावरून. ती भेगही बुजवली. नळ टिपकत होता तर पाण्याची मुख्य तोटीच बंद करून टाकली. आता टिपकतोय का बघा!”

“आई,” खरेदीदार म्हणाला, “तो माणूस ते बघायलाच बोलावलाय. आपण. आपण बोलावलाय.”

“बोलावलाय ना? मग आलेल्या माणसासमोर पसारा कुणी ठेवतं का?”

खरेदीदार गेली काही वर्षं अशाच उत्तर नसलेल्या प्रश्नांच्या घरात राहत होता.

तपासनिसावर यातल्या कशाचाच परिणाम झाला नाही. तो सगळ्या प्लगांत एकेक दिवा खुपसून बघत होता.

“अहो, तुम्ही ऐकलंत ना?” खरेदीदार त्याच्या मागे धावला. “या रंगाखाली ओल आहे. यांनी स्वतः कबूल केलंय. लिहा.”

“मला दिसत नाही.”

“म्हणून तर सांगतोय!”

“सांगितलेलं लिहीत नाही. दिसलेलं लिहितो. नाहीतर लोक काहीही सांगतील.”

“मग खरवडून बघा!”

“मी खरवडत नाही.”

“माझ्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. “झालं तेवढं पुष्कळ झालं.”

तपासनिसाने पिशवीतून ओलावा मोजायचं यंत्र काढलं. खरेदीदाराला धीर आला. यंत्राला रंग कळत नसतो, छटा कळत नसतात. यंत्र भिंतीला टेकलं आणि टूं टूं करू लागलं.

“बघा! बघा! ओल!”

तपासनिसाने यंत्र समोरच्या भिंतीला लावलं. टूं टूं. बाजूच्या भिंतीला लावलं. टूं टूं. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, दाराच्या चौकटीला, सगळीकडे टूं टूं. आईने काम चोख केलं होतं. मग त्याने नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला. पाणी आलं नाही. “तोटी बंद आहे, मी उघडते,” आई म्हणाली, पण तपासनीस म्हणाला की आलो तेव्हा जे होतं ते होतं. मग तो गच्चीवर गेला आणि लगेच खाली आला. गच्चीभर मेट्रनबाईंच्या गाद्या, उशा, चादरी आणि पायपुसणी वाळत घातलेली होती. जमीन दिसत नव्हती.

अहवालात जे आलं त्याचा मथितार्थ असा, की या घरात पाणी कुठेच येत नाही, फक्त सगळ्या भिंतींत आहे.

मेट्रनबाईंनी तो कागद उभ्यानेच वाचला. “सगळ्या भिंती? लिहिलं ते माझं, म्हणजे सगळं घर मी पाडून नवीन बांधून देऊ? माझ्या गाद्या धुता, माझ्यावर फसवणुकीचा आळ घेता, इस्पितळात पांघरूण घालते म्हणता! नाही विकायचं मला घर. तुमचा बयाणा घ्या आणि चालू लागा.” त्यांनी दार उघडून धरलं. बाहेर पडताना सासऱ्यांनी भिंतीकडे एकदा वळून पाहिलं. “छटा मात्र जमलीय,” ते पुटपुटले. बायकोने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी येऊन बायको कपाटाकडे तोंड करून बसली. आईसुद्धा कपाटापलीकडे गप्प होती, हे फारच गंभीर लक्षण होतं.

खालच्या काकांना आनंद लपवता आला नाही. “तरी मी सांगत होतो. घर घेणं म्हणजे...” “काका,” खरेदीदार म्हणाला, “आपल्या भावना मी समजू शकतो,” आणि त्याने त्यांच्या तोंडावर दार लावलं. ते दार सगळ्यांचं मिळून एकच होतं, पण त्यातल्या त्यात बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातूनच तपासनिसाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे एक गोड आवाज. फेरतपासणी मिळेल, पण त्यासाठी कारण द्यावं लागतं, आणि कारणं ठरलेली आहेत. मालकाने बांधकामात बदल केला, हे एक. भाडेकरूने अडथळा आणला, हे दुसरं. नैसर्गिक आपत्ती, हे तिसरं.

“यातलं काहीच नाही. माझ्या आईने घर धुतलं.”

“तसं कारण नाहीये सर.”

“अहो पण तेच घडलंय! आम्ही फी भरली, माणूस आला, उभ्या घराला ओलं म्हणून गेला, घर हातचं चाललंय, आणि तुम्ही म्हणता कारण नाही?”

“आपल्या भावना मी समजू शकते सर.”

खरेदीदाराने रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं आपण लोकांना हे म्हणत आलो आणि एकाही ग्राहकाने ऑफिसात येऊन आपल्याला बडवलं नाही, याचं त्याला मनापासून आश्चर्य वाटलं.

“नैसर्गिक आपत्ती लिहा,” तो म्हणाला.

“आपत्ती?” संध्याकाळी आई म्हणाली. “मी?”

“नैसर्गिक म्हटलंय, आई. त्यात वाईट काही नाही.”

मेट्रनबाईंची समजूत काढायला बायको एकटीच गेली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही. परत आली ती बाईंची अट घेऊन. फेरतपासणीला त्या तयार होत्या. आधीचा करारही कायम. पण आपण काही लपवलं असं कुठल्याही कागदावर येता कामा नये. “घर होतं तसं मला करून द्या,” असं त्यांचं म्हणणं होतं. “माझी ओल मला परत पाहिजे. भेग परत पाहिजे. नळ टिपकायला पाहिजे. मग बोलवा कुणाला बोलवायचं ते.”

नळाचं सोपं होतं. आईने तोटी उघडली आणि तो जुन्या सवयीने टिपकू लागला. भेगेत भरलेली पुट्टी सासऱ्यांनी पेचकसाने उकरून काढली; भेग आधीपेक्षा जरा खोल झाली, त्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. आईने गाद्या खाली आणल्या आणि रुसून बसली. राहिली ओल. सासरे खरवडायला बसले, पण रंग निघेना. कारण सासऱ्यांनी साधा रंग वापरलाच नव्हता. ऑइल पेंट मारला होता, दोन हात. “पोराबाळांपर्यंत हलायचा नाही,” ते अभिमानाने म्हणाले, आणि जावयाच्या चेहऱ्याकडे बघून पुढे म्हणाले, “म्हणजे हे वाईट झालं, मान्य आहे.”

“पॉलिश पेपर घासून बघा,” “ॲसिड लावा,” “वरून नवं प्लास्टर करा,” असे सल्ले खालचे काका देत होते. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. ते अपघाताच्या जागी गर्दी होते तसे आले होते.

शेवटी सासऱ्यांनी जे सुचवलं ते ऐकून खरेदीदाराने डोकं भिंतीला टेकवलं, त्याच भिंतीला.

“मी काढून देतो.”

“काय?”

“ओल. स्मरणातून. जशी होती तशी.”

यापुढचा अर्धा दिवस खरेदीदाराच्या आयुष्यातला सगळ्यात अपमानास्पद होता. सासरे स्टुलावर, हातात रंगाची थाळी. खाली मेट्रनबाई खुर्ची टाकून. जन्मभर लोकांच्या जखमा बघितलेल्या बाईंना ढोबळ काम चालत नव्हतं.

“तिची कड पिवळी होती. मधे करडी. तुम्ही सगळी सारखी कशी रंगवता? आणि खालच्या अंगाला सूज होती.”

“सूज म्हणजे?”

“पोपडा सुटला होता. फुगलेला.”

“तिचा आकार कासवासारखा होता,” आई रुसवा विसरून म्हणाली.

“कासव नाही हो, चहाची किटली,” खालचे काका म्हणाले. काकांनी ती ओल कधीच बघितलेली नव्हती.

“किटली काय म्हणता! कासव होतं, मी स्वतः घासलंय.”

“बाबा, उजवीकडे जास्त नेलीत,” बायको रंगाच्या बाटल्या धरून उभी होती. “तुमच्या जावयाला विचारा, त्याने बोट ठेवून दाखवली होती.”

“मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो!” खरेदीदार ओरडला. “आणि तुम्ही सगळे काय करताय, हे कुणाला कळतंय का? आपण आपल्या पैशाने घेणाऱ्या घरावर आपल्याच हाताने डाग पाडतोय, आणि तो चांगला पडावा म्हणून भांडतोय!”

“मग वाईट पाडायचा का?” सासरे दुखावून म्हणाले.

बायकोने बाटल्या स्टुलावर ठेवल्या. एकेक करून, शांतपणे. कुणाच्या लक्षात आलं नाही.

ओल पुरी झाली. झाली ती खरंच सुंदर झाली. मेट्रनबाई लांब जाऊन, डोळे बारीक करून बघून आल्या आणि म्हणाल्या, “हीच.” आईच्या डोळ्यांत तर पाणी आलं, तिने घासून काढलेली वस्तू पुन्हा बघायची ही तिची पहिलीच वेळ होती.

तपासनीस याही वेळी वेळेवर आला. त्याने नळ बघितला, लिहिलं. भेग बघितली, लिहिलं. ओलीसमोर उभा राहिला. त्याने यंत्र लावलं. भिंती आता कोरड्या झाल्या होत्या. ऑइल पेंटवर यंत्र अगदी मुकं.

“ही ओल नाही,” तो म्हणाला. “चित्र आहे.”

“कशावरून?” सासरे म्हणाले.

“खाली सही आहे.”

सगळे वाकले. उजव्या कोपऱ्यात, पोपड्याच्या जरा खाली, सासऱ्यांची वळणदार सही होती. तारखेसकट.

मग जो कल्लोळ झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. आई सासऱ्यांवर, सासरे काकांवर, काका एकूण गृहव्यवस्थेवर. “हात आपोआप वळतो हो!” “जन्माची सवय, तिला मी काय करू!” “तरी मी सांगत होतो, किटली काढा!” मेट्रनबाई टाळ्या वाजवून “शांतता! शांतता!” म्हणत होत्या. खरेदीदार सगळ्यांवर एकदम ओरडत होता आणि त्यामुळे कुणालाच वाटत नव्हतं की तो आपल्यावर ओरडतोय.

या गोंधळात तपासनीस गच्चीवर गेला. या वेळी गच्ची मोकळी होती. बऱ्याच वेळाने खाली आला, पायांना गच्चीवरचं शेवाळ लागलेलं. खालचा आरडाओरडा त्याने ऐकलाच नाही अशा थाटात मेट्रनबाईंना म्हणाला, “वर उतार उलटा आहे. पाणी मोरीकडे जाण्याऐवजी या भिंतीच्या डोक्यावर साचतं. कठड्याच्या सांध्याला फट आहे. खाली ओल दिसो न दिसो, पाणी इथेच उतरणार. गच्चीचं काम करावं लागेल. लिहिलंय.”

काकांचं किटलीचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

मेट्रनबाईंनी कागद घेतला, वाचला, घडी केली. “लिहिलं ते माझं,” त्या म्हणाल्या. “गच्ची करून देते. भेग करते, नळ करते. पण माझी एक अट आहे. सह्या होईपर्यंत तुमच्यापैकी एकानेही या घरात फडकं हातात घ्यायचं नाही.” आणि आईकडे बघून, जरा खालच्या आवाजात, “गाद्या मात्र छान निघाल्यात हो.”

“सोड्याचं पाणी,” आई म्हणाली. “सांगते तुम्हाला.”

घर मिळालं होतं. खरेदीदाराला ते कळायला एक क्षण लागला, कारण तो अजून अर्ध्या ओरडण्यात होता. मग ही बातमी सांगायला तो वळला, तर बायको तिथे नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती. गच्चीवर नव्हती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने ढकललं. ती जमिनीवर, भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती.

“आत ये,” ती म्हणाली. “दार लाव.”

त्याने दार लावलं. कडी सरकवली. बाहेरचे आवाज एकदम लांब गेले, दुसऱ्याच कुणाच्या घरातले असावेत तसे.

“घर मिळालं,” तो कुजबुजला.

“कुजबुजतोस कशाला?”

“सवय.”

“मला तुझ्यावर चिडायचंय,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासूनचं साठलंय. त्या बाईंवर सगळ्यांसमोर फसवणुकीचा आळ घेतलास. एकदा मला विचारलंस? तुझ्या आईला तू थांबवलं नाहीस, माझ्या बाबांना थांबवलं नाहीस, आणि शेवटी त्या बाईंचे पाय मी धरले. मी! तू तिकडे नैसर्गिक आपत्ती लिहीत बसला होतास!”

“म्हणजे माझ्यामुळे झालं सगळं?” त्याचा आवाज चढला. चढला तो चढतच गेला, खोलीभर फिरला आणि परत त्याच्याच कानावर आला. “तुझे बाबा ओलीखाली सही करतात, आणि चूक माझी?”

“हो! तुझी!”

दोघंही थांबले. दोघांनीही दाराकडे बघितलं. कुणीही, कुणाचंही बरोबर आहे, असं म्हणालं नाही. बायकोच्या ओठांचा कोपरा हलला. ती पुढे सरकून बसली, तिने बाह्या वर केल्या आणि म्हणाली, “हं. आता पहिल्यापासून सुरू करू.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर तपासनीस होता.

“ही एक खोली राहिलीय,” तो म्हणाला. “दार नीट लागतं का, तेवढं बघायचं होतं.”

“लागलंय,” दोघंही आतून ओरडले.